जेवणानंतरच्या येरझाऱ्या

जेवण झालं की राजासारखं बसावं, जेवणाचा शीण उतरेपर्यंत. मग शंभर पावलं चालावं आणि डाव्या कुशीवर आडवं व्हावं. हे मी म्हणत नाही, सुश्रुतसंहितेत श्लोकच आहे: ‘भुक्त्वा राजवदासीत यावदन्नक्लमो गतः। ततः पादशतं गत्वा वामपार्श्वेन संविशेत्॥’ यातला ‘अन्नक्लम’ मला फार आवडतो. जेवणं हेही कष्टाचं काम आहे, हे इतक्या मायेनं दुसऱ्या कुणी मान्य केल्याचं मला तरी ठाऊक नाही.

आपल्याकडे या श्लोकाची वाटणी झाली. डावी कूस पुण्यानं घेतली आणि तिच्यापायी दुपारी एक ते चार दुकानं बंद ठेवली. शंभर पावलं उरलेल्या सगळ्यांच्या वाट्याला आली. राजासारखं बसणं मात्र ज्यांना परत स्वयंपाकघरात जायचं नव्हतं, त्यांनाच जमलं.

आमच्या घरी शतपावलीचे मानकरी अण्णा, म्हणजे माझे आजोबा. गिरगावातली चाळ, दुसरा मजला. टीव्हीवरच्या साडेसातच्या बातम्या झाल्या की पानं घ्यायची आणि हात धुऊन झाले की अण्णा गॅलरीत. अंगात बंडी, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, हात पाठीमागे. गॅलरीच्या एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला संडास. या दोन धामांच्या मधे अण्णांच्या येरझाऱ्या चालायच्या. तीन-चार फेऱ्यांत शंभर पावलं भरत असणार, पण अण्णा खोल्यांतले दिवे मालवायला लागेपर्यंत फिरत. शंभर मोजून थांबलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

चाळीत दारं झोपेपर्यंत उघडी. त्यामुळे अण्णांचं बोलणं हप्त्याहप्त्यानं व्हायचं. जाताना एखाद्या दारात प्रश्न टाकायचा, त्याचं उत्तर परत येताना मिळायचं. मधल्या वेळात तो प्रश्न शेजारच्या खोलीनं ऐकलेला असायचा आणि तिचंही काही म्हणणं असायचं. कुणाच्या पोरीला सांगून आलेलं स्थळ कसं आहे, गॅसचा नंबर कधी लागेल, पाणी उद्या किती वाजता येणार, सगळं या फेऱ्यांवर ठरायचं. घरमालकाविरुद्धचा अर्जही असाच तयार झाला, असं म्हणतात. एका दारात मायना, पुढच्या दारात मजकूर आणि सह्या संडासाच्या रांगेत.

मी त्यांचं बोट धरून मागे-पुढे करायचो. घरात हे गृहस्थ मोजकं बोलत. वर्तमानपत्र, चष्मा, ‘हूं’. गॅलरीत मात्र गोष्टी सुटायच्या. त्यातली ठरलेली गोष्ट म्हणजे गोदीतला स्फोट. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार, दुपारचे चार वाजून गेलेले. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उभं. पोटात दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. हे असं एकत्र भरायची बुद्धी कुणाला झाली, असं अण्णा दर वेळी नव्यानं विचारायचे. जहाज उडालं, आग लागली, मुंबईत शेकडो माणसं गेली. आणि सोन्याच्या विटा उडून लांबलांबच्या वस्तीत पडल्या. इथं अण्णा थांबायचे, वर छपराकडे बघायचे आणि म्हणायचे, “आपल्या कौलांवर काही पडली नाही.” चाळीस वर्षांनंतरही आवाजात थोडी तक्रार असायची.

या साऱ्या वेळात आजी कुठे होती? आत. सगळ्यांची पानं झाली की ती जेवायला बसायची. मग उष्टी-खरकटी काढायची, जमीन पुसायची, मोरीत भांडी, विरजण लावायचं, सकाळचं कडधान्य भिजत घालायचं. तिची शंभर पावलं ओट्यापासून मोरीपर्यंत व्हायची आणि ती कुणी शतपावलीत धरली नाहीत. अण्णा आत यायचे तेव्हा अंथरुणं घातलेली असत. अण्णांच्या त्या फेऱ्या मला अजून आवडतात, पण त्या फुकटात होत नव्हत्या, एवढं खरं.

आम्ही पुढे डोंबिवलीला आलो. बंद दारांचा फ्लॅट, गॅलरीही फक्त आपली आणि तिच्यात वाळत घातलेले कपडे. बाबा जेवून खाली उतरत आणि बिल्डिंगभोवती फिरत. मीही जायला लागलो, सुरुवातीला कोपऱ्यावरच्या कुल्फीसाठी. बाबाही अण्णांवर गेलेले, मोजकंच बोलणारे. पण त्या फेऱ्यांत मी त्यांना जे सांगू शकलो ते जेवताना समोरासमोर बसून कधीच जमलं नसतं. बारावीचे मार्क मी त्यांना मीटरबॉक्सपाशी सांगितले. शाखा बदलायची आहे हे पाण्याच्या टाकीजवळ. लग्न ठरवलंय हे सांगायला दोन चकरा जास्त लागल्या. दोघं शेजारी शेजारी चालतात, नजर पुढे, अंधार असतो, चेहऱ्यावर काय उमटतंय ते बघावं लागत नाही. गप्प बसलं तरी पावलं चालू असतात, म्हणून गप्प बसणं अंगावर येत नाही. पुढच्या वळणापर्यंत समोरच्याला विचार करायला वेळही मिळतो. बाबांनी प्रत्येक वेळी एक अख्खी चकर काही न बोलता घालवली आणि मग म्हणाले, “बरं, पुढे काय ठरवलंयस?”

बाबांना मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर जेवणानंतर चालायला सांगितलं. बाबांना हे औषध वाटेचना. जे आपण आयुष्यभर करतोय त्याची फी कशाला, असा चेहरा. मग मी त्यांना न्यूझीलंडची गोष्ट सांगितली. तिथल्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी टाइप-२ मधुमेह असलेल्या ४१ जणांना काही दिवस दिवसातून एकदा ३० मिनिटं चालायला लावलं आणि काही दिवस प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं. एकूण चालणं तेवढंच, पण दुसऱ्या पद्धतीत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी चढली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. हे २०१६ साली छापून आलं. कारण साधं आहे. चालताना पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू रक्तातली साखर आपणहून ओढून घेतात, त्यासाठी इन्शुलिनवर अडून बसत नाहीत. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “जेवायला काय होतं त्यांच्याकडे?”

हल्ली आमच्या सोसायटीत रात्री बरीच माणसं फिरतात, पण ती शतपावली नव्हे. मनगटावर घड्याळ, कानात बोंडं, आणि दहा हजाराला पावणेचारशे कमी पडतायत म्हणून पार्किंगमध्ये दामटून चालणं. या दहा हजारांचा उगमही मजेशीर आहे. टोकियो ऑलिंपिकच्या दुसऱ्या वर्षी, १९६५ मध्ये, यामासा नावाच्या जपानी कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नावच दहा हजारांवरून ठेवलं. आकडा गोल, लक्षात राहणारा, खपायला बरा. चालणं चांगलंच आहे, माझं भांडण त्याच्याशी नाही. पण भरल्या पोटी दामटून चाललं की बरगडीखाली कळ येते, आणि धापा टाकणाऱ्या माणसाला मीटरबॉक्सपाशी कुणी काही सांगत नाही. शतपावलीला व्यायामात घालू नये. तिचा वेग सैल चपलेचा. अंगठा पुढे निसटला तरी पडायला होऊ नये इतपत.

चाळीत न झालेली एक गोष्ट डोंबिवलीत झाली. आई खाली उतरायला लागली. आधी कचरा टाकायचं निमित्त, मग ‘जरा वारा खाते’, मग निमित्तं संपली. गाऊनवर ओढणी घेतलेल्या सहा-सात जणींचा घोळका रात्री गेटपासून गणपतीच्या मांडवाच्या जागेपर्यंत फिरतो. चालणं निम्मं आणि उभं राहणं निम्मं, कारण महत्त्वाचं बोलायचं झालं की त्या थांबतात. गुडघ्यांची ऑपरेशनं, सुनांचं नोकरीचं वेळापत्रक, कुणाकडचं लोणचं बुरशीनं गेलं, सगळं तिथं निघतं. बाबा लांबून वळसा घालून जातात. आपल्यावर बोलणं चाललं असणार अशी त्यांना खात्री असते आणि ती बहुतेक खरी असते.

गेल्या दिवाळीत मी घरी गेलो होतो. जेवणं उरकली, मी सवयीनं चप्पल शोधत बाबांना हाक मारली. ते सिंकपाशी उभे होते, बाह्या वर सारलेल्या, हाताला फेस. “तू हो पुढे,” म्हणाले, “मला कुकर घासायचाय. आई कधीच गेली.”