तीन किलो लोणी

शनिवारी शेजारच्या आजोबांनी विचारलं, "बॉर्डरवर जातोय, काही आणू?" आम्ही डेन्मार्कच्या दक्षिण टोकाला राहतो, जर्मनी अर्ध्या तासावर. रिकाम्या रस्त्यावरही पायी लाल सिग्नलला थांबणारा हा माणूस संध्याकाळी परतला तो डिकीत बिअर आणि कोल्ड्रिंकचे क्रेट रचून. मी बघतच राहिले. ही तर गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या आमच्या सिंधुदुर्गातल्या बांद्याची तऱ्हा!

2012 मध्ये पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट 0.1 टक्क्यावर आणला. लिटरमागे साधारण 11 रुपये उतरले आणि आमचे काका टाकी भरायला सीमेवरच्या पत्रादेवी नाक्यापलीकडे गोव्यात जाऊ लागले. मी तेव्हा कॉलेजात. "काका, महाराष्ट्राचा महसूल बुडतो!" काकांचं उत्तर ठरलेलं, "आजारी पडलंय तर बांबोळीकच नेतलास मा? मगे कर पण तेंकाच जाऊंदे." बांबोळी म्हणजे गोव्याचं मोठं सरकारी हॉस्पिटल. पुढे गोव्याने व्हॅट परत वाढवत नेला, आणि 2018 पासून बांबोळीत बाहेरच्यांना शुल्कही लागलं. त्याचा राग काकांना अजून आहे.

आजोबांनी इथली गोष्ट सांगितली. 1 ऑक्टोबर 2011 ला सरकारने संपृक्त चरबीवर किलोमागे 16 क्रोन (इथलं चलन) कर लावला. लोकांनी लोणी-चीज कमी खावं, हा हेतू. लोक जर्मनीत जाऊन आणू लागले. दुकानदार इथले रडले, विक्री तिकडे वाढली, चरबी खाणं मात्र थोडंसंच कमी झालं. पंधरा महिन्यांत कर रद्द.

गंमत अशी, की माझ्या पगारातून 38 टक्के करात जातात त्याबद्दल इथे कुणी चकार शब्द काढत नाही. पगार कापूनच हातात येतो, तो काही डिकीत घालून सीमेपार नेता येत नाही. तुम्ही म्हणाल, तिकडे एवढा कर भरतेस, मग आपल्याकडे भरायला काय वाईट होतं? बाई, बाळंतपणाचं बिल शून्य आलं. म्हणून गप्प आहे. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडेही भरला असता, पण बांद्याहून अडलेल्या बाळंतिणीला बऱ्याचदा बांबोळीलाच न्यावं लागतं, मग कुणाला भरायचा?

पण तांदूळ-डाळीवरही 25 टक्के व्हॅट, हे मात्र डोक्यात जातं. जर्मनीत खाण्यावर 7.

तर आजोबांकडून मी लोणी मागवलं होतं. तीन किलो. सगळं कढवून तूप केलं, घरभर वास सुटला. रात्री काकांचा फोन आला, तेव्हा मी तुपाबद्दल बोलले, लोणी कुठलं ते नाही.