दहिसर नदीकाठचा ऑक्टोबर: शिलोंड्याची वाट

परतीचा पाऊस मुंबईतून साधारण 8 ऑक्टोबरच्या आसपास निघतो. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे दहिसर नदीचे. तुळशी तलावाकडून येणारी ही नदी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात असेपर्यंत नितळ असते. पुढे वस्तीत तिची गटारगंगा होते, हे बघून जीव तुटतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी उद्यानातली शिलोंड्याची जंगलवाट केली. पाणी घोट्याएवढं, गवत अजून हिरवं.

आधी परवानगी. वाटाड्याशिवाय या वाटेवर सोडत नाहीत, म्हणून उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रात आगाऊ नोंदणी करा. सोमवारी उद्यान बंद असतं.

पक्षी पाहायचे तर ऊन चढायच्या आत. पाण्यातल्या दगडांवर करडा धोबी हमखास दिसतो: पाठ राखाडी, बुड पिवळं, लांब शेपटीची वरखाली एकसारखी चाललेली. हा हिवाळी पाहुणा नुकताच उतरलेला असतो.

नऊनंतर नजर फुलपाखरांकडे वळवा. ओल्या वाळूवर नीलवंत क्षार शोषत बसतात, बहुतेक सगळे नर. 2015 पासून हे आपलं राज्य फुलपाखरू आहे. त्याहून बघण्यासारखा खुळखुळ्याच्या सुकत चाललेल्या झुडपांवरचा मेळा. ब्लू टायगर आणि हबशी या फुलपाखरांचे नर तिथे फुलांसाठी जात नाहीत. वाळलेल्या पानांतली, शेंगांतली अल्कलॉइड नावाची रसायनं सोंडेने शोषून घेतात आणि त्यातून मादीला भुलवणारा गंध तयार करतात. अशा झुडपापाशी अर्धा तास बसा, चार पावलं दूर. सावली अंगावरून सरकली की सगळे उडतात, त्यामुळे सूर्य पाठीशी घेऊ नका.

वाटेवर आडवी, तोंडाच्या उंचीवर जाळी लागतात ती जायंट वुड स्पायडर या मोठ्या कोळ्याची. पिवळसर, सोनेरी झाक असलेला चिवट धागा, मधोमध डोकं खाली करून बसलेली तळहाताएवढी मादी. नीट पाहिलं तर त्याच जाळ्यात तांबूस, इवलासा नरही सापडतो. बरेच जण त्याला पिल्लू समजतात. पुढच्या माणसाने हातात काठी धरावी, पण जाळं तोडायला नव्हे, दिसण्यासाठी. खालून वाकून जा.

कारवीच्या आशेने जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: मोठा बहर 2024 मध्ये येऊन गेला, पुढचा 2032 च्या सुमारास. मधल्या वर्षांत एखादं चुकार झुडूप फुलतं, तेवढंच.

खाजकुहिलीची जांभळी फुलं मात्र सुरेख दिसतात. तिच्या शेंगांची लव अंगाला लागली तर चोळू नका, कुसं आणखी रुततात. त्या जागी चिकटपट्टी दाबून उचला, मग धुवा. दगड चढताना आधारासाठी फांदी पकडायची सवय इथे महागात पडते, कारण ओढ्याकाठच्या झुडपांत चापडा साप असतो. हिरवा, निश्चल आणि विषारी. आधी पाहा, मग हात घाला.

शेवाळलेल्या दगडांवर खोबणीदार तळ असलेलेच बूट टिकतात. पाणी माणशी दोन लिटर. दुपारी पूर्वेला ढग काळवंडले तर ओढा ओलांडून अलीकडे या. वर पाऊस झाला की पाणी झपाट्याने चढतं. गवत वाळू लागलं की गोचिड्या वाढतात, तेव्हा पँट मोज्यात खोचा आणि घरी पोचताच कंबर, काखा आणि गुडघ्यामागची जागा तपासा.