अराक्नीचा दावा आणि नववीच्या वर्गाचा निकाल

येवल्यातील एका माध्यमिक शाळेत मी इंग्रजी शिकवते. नववीच्या मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरचे काही वाचायला द्यावे, या हेतूने गेल्या वर्षी दुसऱ्या सत्रात मी गर्वाविषयीची एक ग्रीक पुराणकथा शिकवायला घेतली. अशा कथांना ग्रीकांकडे तोटा नाही. सूर्याचा रथ हाकायला निघालेला फेथॉन आहे, मेणाने जोडलेल्या पंखांनी फार उंच गेलेला इकारस आहे. परंतु इकारसची गोष्ट मुलांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते आणि तिच्यातून काय बोध काढायचा हेही त्यांना तोंडपाठ असते, त्यामुळे वर्गात बोलण्यासारखे फारसे उरत नाही. मी अराक्नीची कथा निवडली, कारण ती एका विणकर मुलीची कथा आहे आणि माझ्या वर्गातील बऱ्याच मुलांच्या घरी पैठणीचा माग आहे.

पहिला प्रश्न आला तो कोणते रूप शिकवायचे हा. मुलांसाठी लिहिलेल्या संक्षिप्त पुस्तकांत ही कथा बहुधा अशी उरकलेली असते: मुलगी म्हणाली की मी विणकामाची देवी अथीना हिच्यापेक्षा सरस विणते, स्पर्धा झाली, मुलगी हरली आणि कोळी होऊन बसली. यातील ‘हरली’ हा भाग ओव्हिड या रोमन कवीच्या काव्यात नाही, आणि या कथेचे सर्वांत सविस्तर रूप तर त्याच्याच ‘मेटामॉर्फोसेस’च्या सहाव्या खंडात आहे. कथा ग्रीक असली तरी काव्य लॅटिन आहे. तेथे अथीनाचे नाव मिनर्व्हा आहे, पण मी वर्गात अथीना हेच नाव ठेवले. इंग्रजी भाषांतरांतून सोपा मजकूर मी स्वतः तयार केला आणि एकही प्रसंग गाळायचा नाही असे ठरवले.

सुरुवात लिडियापासून केली. हा प्रदेश आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात येतो. अराक्नीचे वडील इडमॉन हे लोकर जांभळ्या रंगात रंगवणारे रंगारी, आई वारलेली, कुळ साधे, गाव लहान. पण तिचे काम पाहायला त्मोलस डोंगरावरच्या आणि पॅक्टोलस नदीतल्या अप्सरा आपापली ठिकाणे सोडून येत, आणि त्या केवळ तयार कापड पाहायला नव्हे, तर तिचे हात चालताना पाहायला येत. ओव्हिडने मागाचे वर्णन कारागिराच्या नजरेने केले आहे. ताणा दांड्याला बांधलेला, बोरूने त्याचे धागे वेगळे केलेले, धोट्याने मधून बाणा सरकवलेला आणि दातेरी फणीने तो ठोकून बसवलेला. त्या ओळी मी इंग्रजीत वाचल्या तेव्हा विणकरांच्या घरची मुले एकेका वस्तूचे मराठी नाव माझ्याआधी सांगत होती. स्पर्धेत दोघींनीही कापडात सोन्याचा धागा घातला होता, असे वाचल्यावर एकाने ‘म्हणजे जर’ असे म्हटले. इंग्रजीच्या तासाला एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी ही मुले त्या दिवशी वर्गाला समजावून सांगत होती.

दोन्ही कापडे विणून पूर्ण झाली, तेथे मी गोष्ट थांबवली. निकाल सांगितला नाही. वर्गाचे दोन गट केले, एकेका गटाला एकेका कापडाचे वर्णन दिले आणि पैठणीच्या नक्षीसाठी वापरतात तसा आलेख-कागद देऊन त्याचा आराखडा काढायला सांगितले. अथीनाच्या कापडाच्या मध्यभागी बारा देव सिंहासनांवर बसले आहेत, अथेन्स नगरी कोणाची या वादात तिने भाल्याच्या टोकाने जमिनीतून ऑलिव्हचे झाड उगवले आहे, आणि चारही कोपऱ्यांत देवांशी बरोबरी करू पाहणाऱ्यांना झालेल्या शिक्षा आहेत: कोणी डोंगर झाले, कोणी बगळ्यासारखे लांब पायांचे पक्षी, तर कोणाच्या मुली देवळाच्या पायऱ्या. काठ ऑलिव्हच्या पानांचा. हा आराखडा अगदी प्रमाणबद्ध उतरला. तो पाहून एक मुलगी म्हणाली, ‘बाई, हे कोपरे नक्षीसाठी नाहीत, ही समोरच्या मुलीला दिलेली धमकी आहे.’ मी त्यात भर घालण्याची गरज नव्हती.

अराक्नीच्या कापडाबाबत मला अधिक सावध राहावे लागले. त्यात देवांनी रूपे पालटून स्त्रियांना कसे फसवले याची एकामागून एक दृश्ये आहेत: बैल झालेला देवांचा राजा झ्यूस आणि त्याच्या पाठीवर समुद्रातून नेली जाणारी युरोपा, हंस झालेला झ्यूस आणि लेडा. चौदा वर्षांच्या मुलांपुढे यातील तपशील उगाळणे योग्य नव्हते आणि ते लपवणेही योग्य नव्हते, कारण ते लपवले तर देवी का संतापली हेच कळत नाही. ‘फसवणूक आणि बळजबरी’ एवढे मी स्पष्ट सांगितले. लगेच कोणीतरी गौतमाचे रूप घेऊन आलेल्या इंद्राची आणि अहल्येची आठवण काढली, आणि माझे काम सोपे झाले.

त्यानंतर निकाल वाचला. ओव्हिड म्हणतो की त्या कामात अथीनाला काय, प्रत्यक्ष मत्सरालाही खोट काढता आली नसती. आणि म्हणूनच देवीने कापड फाडले व हातातला धोटा अराक्नीच्या कपाळावर तीन-चार वेळा मारला. वर्गात कोलाहल माजला. ‘मग तिचा गर्व कसला? ती खरेच बोलली होती,’ अशी एक बाजू, आणि ‘खरे असले म्हणून काय झाले’ अशी दुसरी. एकाने एकलव्याचा दाखला दिला: त्याला गुरूने शिकवले नाही तरी त्याने गुरूचे ऋण मानले, हिने मात्र आपली कला अथीनाकडून आली हेच नाकारले. दाखला चांगला होता, पण तो देताना एकलव्याचा अंगठा गेला हे तो विसरला, आणि ते त्याला लगोलग ऐकवण्यात आले.

वाद पुढे सरकेना, तेव्हा मी सर्वांना मागच्या एका प्रसंगाकडे नेले. अथीना प्रथम म्हातारीच्या वेषात येते आणि सांगते की माणसांत तू खुशाल पहिली ठर, पण देवीची क्षमा माग. अराक्नी तिला सुनावते की तुझी बुद्धी चळली आहे, असला उपदेश घरी तुझ्या सुना किंवा मुली असतील तर त्यांना कर. मुले हसली, कारण हे उत्तर त्यांनी आपल्या गल्लीतही ऐकलेले असणार. पण या वेळी समोर देवी आहे हे अराक्नीला ठाऊक नाही. तिच्या दृष्टीने ती एक थकलेली बाई आहे. आपल्या कौशल्याविषयीचा दावा आणि म्हातारीचा हा पाणउतारा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे एका मुलाने नेमके मांडले. माझ्या मते कथेतील गर्व याच जागी आहे, आणि संक्षिप्त पुस्तके नेमका हाच प्रसंग गाळतात.

पुढील भाग मी आधी मुख्याध्यापकांशी बोलून ठरवला होता. अपमान असह्य होऊन अराक्नी स्वतःचा जीव घेऊ पाहते, देवी तिला वर उचलून धरते आणि कोळ्याचे रूप देते. हे मी दोन वाक्यांत सांगितले, ते कसे घडले याचे वर्णन केले नाही, आणि कोणाला असे विचार येत असतील तर वर्गशिक्षकांशी किंवा शासनाच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोलावे, हे फळ्यावर लिहून दिले.

नायोबीची कथा ओव्हिडने अराक्नीच्या लगेच पुढे ठेवली आहे. लहानपणी ती अराक्नीला ओळखत होती, असेही तो म्हणतो. ही थीब्सची राणी आपले कुळ, वैभव आणि चौदा मुले मोजून दाखवते व लेटो देवीची पूजा बंद पाडते, आणि लेटोची दोन मुले, अपोलो आणि आर्टेमिस, तिची सगळी मुले मारतात. मुलांचा काय दोष, असा प्रश्न वर्गाने विचारला, आणि त्याला कथेत उत्तर नाही. मला ही जोडी उपयोगी पडली ती फरकासाठी. नायोबी मिळालेल्या गोष्टींचा तोरा मिरवते, तर अराक्नी हाताने केलेल्या कामाचा.

लेखी कामासाठी मी निबंध टाळला. ‘तुम्ही पंच आहात, निकालपत्र लिहा’ असे सांगितले आणि दोन अटी घातल्या: प्रत्येक मताला कथेतील प्रसंगाचा आधार द्यायचा, आणि ‘गर्वाचे घर खाली’ हे वाक्य वापरायचे नाही. दुसऱ्या अटीमुळे कुरकुर झाली, पण उत्तरे सुधारली. ओव्हिडला इ.स. 8 मध्ये सम्राट ऑगस्टसने काळ्या समुद्राकाठच्या टोमिसला हद्दपार केले, ही माहिती मी निकालपत्रे जमा झाल्यावरच दिली, कारण ती आधी कळली असती तर सगळ्यांनी अराक्नीच्याच बाजूने लिहिले असते.

सर्वांत वेगळे निकालपत्र एका विणकराच्या मुलाचे होते. त्याने गोष्ट घरी सांगितली तेव्हा वडिलांनी एकच विचारले होते की फाडलेल्या कापडातले सूत आणि सोने कोणाचे होते. व्यापाऱ्याकडून रेशीम आणि जर घेऊन मजुरीवर विणणाऱ्या माणसाला हाच प्रश्न सुचणार. ओव्हिड याविषयी काहीही सांगत नाही. मुलाने मात्र निकाल दिला: अराक्नीने म्हातारीची माफी मागावी, आणि देवीने सुताची, सोन्याची व मजुरीची किंमत इडमॉनला भरून द्यावी. कथेतील आधार म्हणून त्याने इडमॉन रंगारी असल्याचा उल्लेख केला होता, म्हणजे सूत त्याच्याच घरचे. मी त्याला पूर्ण गुण दिले.