वॉर्ड खुला झाल्यावर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. राज्यशास्त्र शिकवते म्हटलं की लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हा प्रश्न येतोच: "बायकांना आरक्षण देऊन काय उपयोग? कारभार तर नवराच बघतो ना?"

बघतो, मी पाहिलंय. लालबागला आमच्या चाळीतल्या पाण्याची तक्रार घेऊन गेलो, तर नगरसेविका बाईंच्या खुर्चीत त्यांचे मिस्टर. बाई आत चहा टाकत होत्या. दोन वर्षांनी पुन्हा गेलो. फोन वाजला, मिस्टरांनी उचलला आणि बाईंनी नुसता हात पुढे केला. पलीकडे पाणी खात्याचे इंजिनिअर होते. कुठल्या गल्लीत पाणी किती वाजता सुटतं, चावीवाला कुठल्या टोकाला आधी जातो, बाईंना सगळं तोंडपाठ! फोन मिस्टरांकडे परत गेला नाही.

अर्थात एका बाईवरून सिद्धांत मांडू नये, हे मीच वर्गात सांगते. म्हणून राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भावनानी यांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला मोलाचा वाटतो. तो आपल्या मुंबई महापालिकेवरच आहे. कुठला वॉर्ड महिलांसाठी राखीव, हे सोडतीने ठरतं. त्यामुळे मुळातच पुढारलेले वॉर्ड बायकांच्या वाट्याला आले, असं म्हणायची सोय नाही. १९९७ला राखीव असलेले आणि २००२ला खुले झालेले वॉर्ड त्यांनी दोन्ही वेळा खुल्या असलेल्या वॉर्डांशी ताडून पाहिले. आरक्षण उठल्यावरही आधी राखीव असलेल्या वॉर्डात बाई निवडून येण्याची शक्यता जवळपास पाचपट निघाली. कायम खुल्या वॉर्डांत निवडून येणाऱ्या बायकांचा मूळ आकडाच तुटपुंजा होता, हे खरं. पण आरक्षण गेलं आणि परिणाम राहिला, हे मला फार मोठं वाटतं. निवडणूक लढवून जिंकलेल्या बायका तयार झाल्या होत्या, आणि बाई जिंकू शकते हे पक्षांनाही कळलं होतं.

२०११पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना निम्म्या जागा आहेत. उरलेल्या निम्म्या पुरुषांच्या, असं सर्रास धरलं जातं. कायदा तसं म्हणत नाही. तिथे बाईही उभी राहू शकते.

आमच्या बाई तिकीट मागायला गेल्या तेव्हा पक्षातले म्हणाले, "ताई, वॉर्ड आता ओपन झालाय."

बाई म्हणाल्या, "म्हणूनच आले. फॉर्म द्या."