विसावा

ब्रदर कॅडफेल या इंग्रजी रहस्यकथा-मालिकेचा विसावा भाग माझ्या कपाटात दीड वर्ष पडून होता. बाकीचे एकोणीस डेक्कनच्या फुटपाथवरून, जुन्या बाजारातून असे हाताला लागतील तसे घेतलेले, आधी सातवा मग दुसरा, काही क्रमबिम नाही. पण शेवटचा काढवेना. घरात टोमणे सुरू झाले, वाचायचंय का पुरायचंय ते? शेवटी परवा पावसात लाईट गेले, मोबाईलही मेला, मग मेणबत्ती लावून बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॅडफेल म्हणजे बाराव्या शतकातला, इंग्लंडात श्रूजबरीच्या मठातला साधू, तरुणपणी क्रुसेडमध्ये, म्हणजे ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धात लढलेला, समुद्रावर भटकलेला, सगळं जग बघून मग मठात शिरलेला. बागेत औषधी झाडं लावतो, खोकल्याचे काढे करतो आणि खून झाला की नाक खुपसतो. लिहिणाऱ्या एलिस पीटर्स, म्हणजे खऱ्या एडिथ पार्जेटर, या बाई तरुणपणी केमिस्टच्या दुकानात कामाला होत्या, त्यामुळे ते काढे अगदी आपल्या आजीच्या फडताळातले वाटतात. मागे चालू असते स्टीफन आणि मॉडची गादीसाठी लढाई, दोघं सख्खी आतेमामे भावंडं. शनिवारवाड्यावरून रोज जाणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

तर हा शेवटचा भाग. साल ११४५, कॅडफेल पासष्टीचा. त्याचा मुलगा कैदेत पडलाय, आणि त्या मुलाला हा आपला बाप आहे हे माहीतसुद्धा नाही. मठाधिपती कोव्हेंट्रीपर्यंत जायची परवानगी देतात, हा तिथून पुढे जातो, म्हणजे शपथच मोडली की. खून आहे, पण खरं सांगू का, खुनी कोण याच्याकडे माझं लक्षच नव्हतं. एरवी दुसऱ्यांची गुपितं शोधणारा हा माणूस स्वतःचं गुपित घेऊन निघालाय आणि परत मठात घेतील का नाही याची त्याला खात्री नाही, तेवढंच वाचत होतो. परतल्यावर काय होतं ते नाही सांगत, पण ते मी तीनदा वाचलं.

एक तक्रार आहे. ती लढाई ११५३ पर्यंत चालली, बाईंनी आपल्याला मध्येच सोडलं. हे पुस्तक १९९४ चं, पुढच्या वर्षी त्या गेल्याच.

लाईट आल्यावर म्हटलं आता तरी सगळी क्रमाने लावू. तर चौदावा भाग दोनदा निघाला, कव्हर वेगळं. वाचताना वाटलं होतं हे कुठेतरी वाचलंय, पण दर पुस्तकात एक प्रेमात पडलेलं जोडपं असतंच, म्हटलं तेच असेल. आणि अकरावा? अकरावा नाहीच! सगळं कपाट उपसलं, नाहीच. इतका आनंद झाला ना! आता रविवारी पाऊस असो नसो, जुन्या बाजारात.