आमची वाटचाल: दोन टक्क्यांचा हिशेब

तळोज्याच्या आमच्या गाळ्यात शिरलात की डाव्या हाताला काचेच्या कपाटात एक मॅकलिऑड गेज, म्हणजे व्हॅक्यूम मोजायचं पाऱ्याचं काचेचं उपकरण, दिसेल. त्यातला पारा काढून ठेवलाय आणि नळीला चीर गेली आहे. तरी मी तो टाकत नाही. वापरलेलं तेल गाळणाऱ्या प्लांटना औषध पुरवायचा आमचा धंदा त्याच्यावर उभा राहिला.

घातक कचऱ्याच्या नियमांतल्या 2003 च्या दुरुस्तीने वापरलेलं तेल ॲसिड आणि मातीने साफ करायची ॲसिड-क्ले पद्धत बंद झाली आणि आमच्या भागातले छोटे प्लांट व्हॅक्यूमखाली तेल डिस्टिल करण्याकडे, म्हणजे उकळून वाफ थंड करण्याकडे, वळले. तेव्हा मी आणि माझा वर्गमित्र नोकऱ्या सोडून यात पडलो. तेल उकळायचा क्लेझेन फ्लास्क मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणला, पंप कुर्ल्याच्या भंगारातून, तापवायचा मँटल उसना. मित्राचा काचकामात हात फार बसलेला. जॉइंटला ग्रीस लावताना बोट असं फिरवायचा की एक बुडबुडा राहायचा नाही. मग गेज तिरका करून पारा कुठवर चढतो ते बघत बसायचा. पुढे तो पुण्याला मुलांकडे गेला, पण नवीन पोरगा कामाला आला की मी आजही आधी तेच शिकवतो. तुम्हालाही सांगतो, यील्ड, म्हणजे हाती येणारं तेल, घसरलं की ॲडिटिव्हला, म्हणजे मिसळलेल्या औषधाला, नावं ठेवण्याआधी पंपाची ग्लँड आणि फ्लँज हे हवा शिरायचे सांधे तपासा. जड तेल साधारण 350 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तुटायला लागतं, म्हणून दाब उतरवून ते कमी तापमानाला उकळवायचं. पाऱ्याच्या 760 मिलिमीटरवरून, म्हणजे हवेच्या साध्या दाबावरून, 10 च्या खाली उतरायचं असेल, तर सुईएवढी गळतीही परवडत नाही.

आमचा मुख्य माल म्हणजे ॲरोमॅटिक एक्स्ट्रॅक्टवर (वंगणतेल शुद्ध करताना निघणाऱ्या जड तेलावर) बेतलेला, यील्ड वाढवणारा ॲक्टिव्हेटर. जहाजांचा स्लज (तळाचा तेलकट गाळ), स्लॉप (पाणी मिसळलेलं टाकाऊ तेल), जुनं फर्नेस ऑइल अशा तेलात अस्फाल्टीन, म्हणजे डांबरासारखे जड कण, असतात. त्यांच्याभोवती रेझिन हा चिकट थर आणि त्याबाहेर हलक्या तेलाचं वेष्टण. हे वेष्टण डिस्टिल होण्याजोगं तेल धरून ठेवतं आणि ते तळाच्या डांबरासोबत वाया जातं. नेमका डोस पडला की वेष्टण पातळ होतं, तेल सुटतं. जास्त झाला की वेष्टण पुन्हा जाड होतं आणि यील्ड खाली येतं. मॉस्कोच्या गुबकिन संस्थेतल्या सुन्यायेव यांनी पेट्रोलियमला विखुरलेली प्रणाली मानून यावर आयुष्य घातलं. आम्ही ते फ्लास्कवर करून पाहिलं. आमच्या स्लजला दोन टक्के बसायचे, साडेतीनला यील्ड पुन्हा औषध न घातलेल्या तेलाइतकंच यायचं. म्हणून प्रत्येक लोडचा नमुना मागवल्याशिवाय आम्ही डोस सांगत नाही. यावरून गिऱ्हाईक चिडतं, चिडू द्या.

आणि यावरूनच आम्ही बुडता बुडता वाचलो.

एका मोठ्या प्लांटची ऑर्डर मिळाली होती. आमचा निम्म्याहून जास्त माल तिथे जायचा. एका सकाळी फोन आला, रिसीव्हरच्या टाकीत डिस्टिलेट (गाळून आलेलं तेल) काळं उतरलंय, यील्ड पडलंय, तुमच्या मालाने आमचं नुकसान केलंय. पेमेंट थांबलं. आठ दिवसांत दुसरा पुरवठादार त्यांच्या गेटवर उभा होता. सगळ्या तेलाला एकच औषध म्हणून तो विकायचा, नमुना मागायचा नाही, आणि ऑपरेटरच्या हातावर प्रत्येक ड्रममागे काहीतरी ठेवायचा. आमची दोन गिऱ्हाइकं त्याच महिन्यात गेली. गाळ्याचं भाडं थकलं, बायकोचे दागिने गहाण पडले.

खुलासा करायला मी प्लांटवर गेलो तेव्हा ऑफिसात बसवून ठेवलं, चहाही विचारला नाही. परत निघताना शेडच्या मागे रिकामे ड्रम रचलेले दिसले. उभा राहिलो आणि मोजले. जो माल दोन महिने पुरायला हवा होता, तो तीन आठवड्यांत संपला होता. औषध मोजून सोडणारा डोसिंग पंप बिघडलेला, आणि ऑपरेटर बादलीने माल ओतत होता. बादलीवरची लाल खूण घासून गेली होती. मॅनेजरला दाखवलं, तर म्हणाले, "औषध जास्त पडलं तर जास्त काम करायला हवं ना?"

त्या दिवसांत भिवंडीकडच्या शेठनी आम्हाला धरून ठेवलं. ते जहाजांचा स्लज घ्यायचे, प्लांट लहान. मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "भाऊ, माझ्या भट्टीवर दाखवशील?" आम्ही दोघांनी रात्रभर सलग पाच बॅच घेतल्या. शून्य, एक, दोन, तीन आणि चार टक्के. शेठ स्वतः रिसीव्हरचं मोजमाप वहीत लिहीत होते. पहाटे दोन टक्क्यांच्या बॅचचा आकडा सगळ्यांत वर निघाला, तेव्हा त्यांनी ती वही माझ्या हातात दिली आणि पुढच्या तीन महिन्यांच्या मालाचे पैसे आगाऊ दिले. त्या पैशांतून आम्ही भाडं भरलं.

त्यानंतरची वर्षं नीट गेली, त्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. नवीन माणसाने मात्र एवढं करावं: तेलातलं पाणी डीन-स्टार्कच्या काचेच्या उपकरणाने मोजल्याशिवाय तेल गरम करू नये, तेल-पाणी वेगळं करणाऱ्या डिमल्सिफायरच्या जागी ॲक्टिव्हेटर वापरू नये, आणि फेस मारायचं सिलिकॉनचं अँटीफोम बेताने घालावं. ते डिस्टिलेटसोबत वर येतं आणि पुढे कुणाच्या हायड्रोट्रीटरचा, म्हणजे हायड्रोजनने तेल शुद्ध करणाऱ्या यंत्राचा, कॅटॅलिस्ट खराब करतं.

मोठ्या प्लांटला त्या पाच बॅचचा आलेख मी स्वतः नेऊन दिला होता. मॅनेजरनी तो पाहिला, खणात ठेवला. आमचे थकलेले पैसे मात्र अजून यायचे आहेत. शेठचा ड्रम दर मंगळवारी जातो, आणि त्यावर नमुन्याचा नंबर मी स्वतः लिहितो.