आमचा मॅटवरचा कबड्डी संघ

२०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली अन् आमच्या केज-धारूरकडच्या पोरांना मॅटचं वेड लागलं, तोवर सगळं मातीतच. पुढं आमच्या भागात पण मॅटवर खेळणारा संघ उभा राहिला आणि दोनच हंगामात संपला, त्याच्याबद्दल लिहायचं लई दिवस मनात होतं.

पोरं दमाची होती. पण मातीत अनवाणी खेळलेल्याला मॅटवर बूट घालून वळायचं म्हणजे सगळं फुटवर्कच बदलावं लागतं, पाय मातीसारखा सरकत नाही, अडकतो अन् गुडघ्यावर येतं. हॉल तालुक्याला, एसटीचं भाडं खिशातून, स्पॉन्सरनं जर्सी दिल्या अन् नंतर फोनच उचलेना.

तरी खरं कारण मला वेगळं वाटतं. आमच्या स्पर्धा थंडीत, अन् दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली निम्मी गावं ऊसतोडीला. आमचा मेन रेडर, म्हणजे चढाई करणारा, बोनस गुण घेण्यात एक नंबर, त्याचं लग्न झालं, मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतले, आता ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात मग हा मागं राहणार कसा? गेला ट्रॅक्टरवर बसून कोल्हापूरकडं. पाठोपाठ डावा कोपरा धरणारा पण गेला. कबड्डीला सात लागतात, आमच्याकडं पाच उरले.

माझं म्हणणं एवढंच की ह्या स्पर्धा जुलै-ऑगस्टात घ्या, हॉलमध्ये पावसाची अडचण नाही अन् तेव्हा सगळी पोरं गावातच असतात. आयोजकांना भेटून हेच सांगणार आहे, कुणी सोबत येणार असेल तर कळवा.